कूप सुरू असताना शेजारी राहुटी दिसली तर : नव्या वनरक्षकांसाठी आणि मुकादमांसाठी

कूप तोडीवर पहिल्यांदा नेमणूक झाली की वनरक्षकाला झाडं मोजायला शिकवतात, खुणेचा हातोडा कुठे मारायचा ते दाखवतात, वाहतूक परवान्याचे रकाने भरून घेतात. पण सकाळी कक्षात, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या भागात, पोचलो आणि नाल्याकाठी धूर दिसला, चार राहुट्या दिसल्या, तर काय करायचं? हे बहुतेकांना पहिल्या फजितीनंतर कळतं. ती फजिती कधीकधी एखाद्याच्या जिवावर बेतते, म्हणून हे लिहितो आहे. माझी बरीच वर्षं गडचिरोली-चंद्रपूरच्या सागवानी जंगलात गेली. मेळघाटात किंवा यावलला काम करणाऱ्यांनी आपापल्या मुलखाप्रमाणे थोडा फरक करून घ्यावा.

नव्यांसाठी एवढं सांगतो की कूप म्हणजे कार्य आयोजनेप्रमाणे (वन विभागाच्या आराखड्याप्रमाणे) त्या वर्षी तोडीला आलेला जंगलाचा तुकडा. पावसाळा सरला की काम सुरू होतं आणि उन्हाळ्यात माल लाकडाच्या आगारात पोचवायची घाई असते. नेमक्या याच महिन्यांत जंगलात माणसांचीही सर्वांत जास्त ये-जा असते. मेंढपाळ येतात, मार्चपासून मोहफुलं वेचणारे येतात, मग तेंदूपानवाले. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी गाडीत तंबू घालून शहरातली मुलंही येतात. तेव्हा धूर दिसला की नवल वाटून घेऊ नका. तो दिसणारच आहे असं धरून तयारी करा.

कूप उघडायच्या आधी

तोडीच्या आठवडाभर आधी कक्षाची हद्द पायी फिरा. मोटरसायकलवरून पाहिलेलं पाहण्यात धरू नका. पायवाटा, पाणवठे, मोहाची मोठी झाडं, जुन्या चुली आणि देवाची ठिकाणं वहीत उतरवून घ्या. चूल जिथे एकदा पेटली तिथे पुन्हा पेटते, कारण पाणी आणि सपाट जागा दोन्ही तिथेच असतात. मी नेहमी चुलीचे दगड मोजायचो. तीन दगडांची एक चूल म्हणजे एक कुटुंब असा ढोबळ हिशोब केला तर मागच्या वर्षी किती बिऱ्हाडं उतरली होती ते समजतं.

मग गावात जा. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसभेच्या वनहक्क समितीचे लोक यांना भेटून कोणता कक्ष, कोणत्या तारखेपासून, गाड्या कोणत्या रस्त्याने जाणार हे सांगा. गावाला सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क) मिळाला असेल आणि कूप त्या क्षेत्रात येत असेल, तर ग्रामसभेशी बोलणं झाल्याशिवाय एक फांदीही तोडू नका. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून या भागातल्या गावांना आपला हक्क नीट कळतो. तो तुम्हालाही कळायला हवा.

कोतवालाकडून दवंडी द्या आणि बाजाराच्या दिवशी बाजारातही द्या, कारण रानात राहुटी टाकणारा माणूस गावसभेला येत नाही, तो मीठ-मिरची घ्यायला बाजारात येतो. पाटी लावणार असाल तर अक्षरांबरोबर पडणाऱ्या झाडाचं चित्र काढून घ्या. भामरागडकडे माडिया बोलतात, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू. नुसती मराठी पाटी तिथे अर्ध्या लोकांना वाचता येत नाही.

धूर दिसला : आधी आरा बंद

पहिलं काम एकच, तोड थांबवायची. कोण आहेत, का आले, परवानगी कोणाची, हे सगळं नंतर. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तोडणाऱ्यांशिवाय कोणीही नको. सागवान २० मीटरचं असेल तर चारी बाजूंनी ४० मीटर मोकळं हवं. उतारावर हा हिशोब पुरत नाही. ओंडका सुटला की थेट नाल्यापर्यंत गडगडत जातो, आणि राहुट्या नाल्याकाठीच असतात. म्हणून उतारावरच्या कक्षात खालची सगळी बाजू पायथ्यापर्यंत रिकामी असल्याची खात्री करा.

मुकादम कुरकुर करेल. रोजी बुडते, ट्रॅक्टर उभा राहतो, हे त्याचं म्हणणं खरं असतं. मजुरांना त्या वेळात फांद्या छाटणं, जळाऊ लाकडाचे बिट (ढीग) रचणं, पडलेल्या मालाचं मोजमाप अशी कामं द्या. तोड थांबली म्हणून कूप थांबत नाही, हे मुकादमाला दोनदा दाखवलं की तिसऱ्यांदा तो स्वतःच शिट्टी मारतो.

एक गोष्ट आमच्याच चुकीची आहे, ती सांगतो. संध्याकाळ झाली होती. शेवटचं सागवान तोडलं आणि ते खाली न पडता शेजारच्या ऐनाच्या झाडाच्या फांद्यांत अडकलं. उजेड गेला होता, सकाळी बघू म्हणून आम्ही परतलो. बुंध्याला लाल फडकं बांधायचं राहिलं. रात्री कच्छी मेंढपाळांचं एक कुटुंब पोचलं आणि अंधारात सपाट जागा बघून त्यांनी त्याच झाडाखाली बाज टाकली. सकाळी मी गेलो तेव्हा उंट बसला होता, बाजेवर लहान पोर झोपलं होतं आणि म्हातारी मेंढीचं दूध तापवत होती. वर पाहिलं तर अख्खं झाड ऐनाच्या दोन फांद्यांवर टेकलेलं. ओरडलो असतो तर सगळे घाबरून नेमके झाडाखालून पळाले असते. जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, “मावशी, पोराला उचला आणि माझ्या मागून या.” तिने वर पाहिलं, पोर उचललं, दुधाचं भांडंही उचललं. सगळे बाहेर आल्यावर लांबून साखळी लावून ट्रॅक्टरने झाड ओढलं. ते पडताना ऐनाची एक फांदी मोडून आली आणि बाजेची लाकडं तिच्याखाली गेली.

त्या दिवसापासून माझा नियम झाला तो तुम्हीही करा. अडकलेलं झाड ठेवून कक्ष सोडायचा नाही. नाइलाजच झाला तर चारी बाजूंनी लाल फडकी आणि रात्रभर पहारा. अडकलेल्या झाडाला आधार देणारं झाड कधीही तोडू नका आणि त्याच्याखाली जाऊन कुऱ्हाडही लावू नका. ते लांबूनच ओढायचं.

माणूस कोण आहे ते ओळखा

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. राहुटी एकसारखी दिसली तरी आत राहणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाशी वागण्याची रीत वेगळी.

सर्वांत आधी आपलेच मजूर मोजा. तोडीला मेळघाटातून कोरकू मजूर येतात, मध्य प्रदेश-छत्तीसगढमधूनही टोळ्या येतात आणि कूपाजवळच झोपड्या बांधतात. नवा वनरक्षक त्यांनाच अतिक्रमणदार समजून नोंद करतो, असं मी दोनदा पाहिलं आहे. मजुरांचा तळ कुठे असावा हे तुम्ही स्वतः ठरवून द्या. तोडीच्या आणि गाडीरस्त्याच्या बाहेर, पाण्याजवळ. त्यांची लेकरं थप्पीजवळ खेळायला येऊ देऊ नका. रचलेल्या ओंडक्यांवर चढून खेळणं पोरांना फार आवडतं, आणि खालचा एक ओंडका सरकला की अख्खी थप्पी सुटते.

मेंढपाळ येतात ते ठरलेल्या वाटांनी, ठरलेल्या महिन्यांत. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचाही उल्लेख आहे, तेव्हा ‘बाहेरून आले’ एवढ्यावरून ते घुसखोर ठरत नाहीत. त्यांच्या वाटेवर कूप पडला आहे की कूपाच्या वाटेवर ते, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांच्या म्होरक्याशी बोला. बायका-पोरांशी वाद घालू नका. एका दिवसात कळप हलत नाही. त्याला पुढचा पाणवठा आणि चारा बघावा लागतो, म्हणून कक्षाबाहेर जायला दोन दिवस आणि तोडीबाहेर जायला एक तास, असं मी सांगायचो. तोडीबाहेरच्या एका तासात मात्र सूट नाही.

मोहफुलं वेचणाऱ्या बाया अंधार असतानाच येतात. मोहाची फुलं पहाटे गळतात, उन्हं चढली की जनावरं खातात. या बायांना अडवायचं नसतं. मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर त्यांचा हक्क आहे. तुम्ही तोडीची वेळ पुढे ढकला. मोहाच्या दिवसांत सकाळी आठच्या आधी आरा चालवू नका आणि सुरू करण्यापूर्वी माणूस पाठवून सगळी मोहाची झाडं फिरवून घ्या. वाकून वेचणारी बाई झुडपाआड दिसत नाही. ब्रह्मपुरी-ताडोबाकडच्या भागात वाघाचीही भीती आहे, म्हणून बायांना एकेकटं येऊ नका असं सांगा आणि तोडीच्या मजुरांनाही तेच सांगा.

तंबू आणि गाडी घेऊन येणारे शहरी लोक ओळखायला सोपे. त्यांच्याकडे परवानगी नसते, पण बहुतेकांना ती लागते हेही माहीत नसतं. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि आग पेटवणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हे शांतपणे सांगा. नाव, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. दिवस असेल तर लगेच बाहेर काढा. रात्र असेल आणि रस्त्याने लाकडाच्या गाड्या चालत असतील तर अंधारात त्यांना त्याच रस्त्याने पिटाळू नका. तळापाशी थांबवा आणि सकाळी सोबत माणूस देऊन पाठवा. दारू प्यायलेला घोळका असेल तर एकट्याने जवळ जाऊ नका. वनपालांना कळवा, दोन माणसं सोबत घ्या, मगच बोला.

उरतो तो लाकूडचोर. राहुटीत हातोड्याची खूण नसलेला सागवानाचा चिरलेला माल सापडला, तर ती राहुटी नसून अड्डा आहे. तिथे बोलणी करू नका, मागे फिरा, वरिष्ठांना कळवा आणि जप्ती-पंचनामा पथकाबरोबरच करा. पण नुसती कुऱ्हाड खांद्यावर दिसली म्हणून कोणी चोर होत नाही. या मुलखात कुऱ्हाड घेतल्याशिवाय रानात जाणारा माणूस विरळाच.

बोलायचं कसं

गणवेश अंगात असला की आवाज आपोआप चढतो, तो उतरवावा लागतो. लांबूनच हाक मारा, राहुटीत थेट डोकावू नका. राहुटी म्हणजे त्यांचं घर आहे आणि आत बाई न्हात असू शकते. “राम राम काकाजी, कोठून आले जी? किती दिवसांचा मुक्काम?” एवढ्याने सुरुवात होते. गावाचं नाव विचारलं की नातंगोतं निघतं, कोणी ओळखीचा निघतो, आणि निम्मं काम तिथेच होतं. भाषा येत नसेल तर मजुरांतला किंवा गावातला येणारा माणूस आधी शोधा. मोडक्या हिंदीत दिलेली धोक्याची सूचना समोरच्याला धमकी वाटते.

‘इथून निघा’ म्हणण्याआधी ‘कुठे जा’ हे ठरवून ठेवा. जागा दाखवल्याशिवाय माणूस हलत नाही, आणि हलला तरी दोनशे पावलांवर दुसऱ्या तोडीत जाऊन बसतो. म्हणून मी सुरुवातीलाच पाणवठे टिपायला सांगितलं. झाड का पडणार आणि कुठे पडणार हे हाताने दाखवा. शक्य असेल तर लांब उभं करून एक झाड पडताना पाहू द्या. जमीन हादरते तेव्हा समजावण्याची गरज उरत नाही.

पैसे, कोंबडी, बकरं, तूप, काहीही घेऊ नका. चहा दिला तर प्या. चहा नाकारला की माणूस दुखावतो.

राहुटी पाडणं, भांडी फेकणं, चुलीवरचं अन्न सांडणं, राहुटीला काडी लावणं, यातलं काहीही कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही. मुकादमाची माणसं ‘साहेब, आम्ही बघतो’ म्हणतात तेव्हा तर मुळीच होकार देऊ नका. माणसांना हटवण्याचा त्यांना कसलाही अधिकार नाही, आणि पुढे जबाबदारी तुमच्यावरच येते.

चूल आणि आग

आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. सागाची पानं त्याच्या आधीपासून गळायला लागतात. ताटाएवढं पान वाळून पापडासारखं होतं आणि काडी लागली की कडकडून पेटतं. कूपात त्याच्या जोडीला तोडीत छाटलेल्या फांद्या आणि सालपटं पसरलेली असतात. या हंगामात कूपाजवळ उघडी चूल म्हणजे रचलेला सगळा माल आणि पुढच्या पिढीची रोपं दोन्ही गेली.

ज्यांना तुम्ही रात्रभर थांबू देता त्यांची चूल आधी बघा. भोवतालचा पाला माती दिसेपर्यंत, निदान तीन मीटर तरी झाडून घ्या. तुम्हीही झाडू हातात घ्या. निजण्यापूर्वी पाणी ओतून राख काठीने ढवळायची आणि हात जवळ धरून बघायचं. ऊब लागली तर पुन्हा पाणी. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करण्याची सवय जुनी आहे आणि वणव्यांचं ते एक मोठं कारण आहे. झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरली की फुलंही स्वच्छ मिळतात, हे बायांना एकदा करून दाखवा.

आग लागलीच तर १९२६ हा वन विभागाचा क्रमांक आहे आणि माणूस भाजला तर १०८. दोन्ही पाटीवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि रेंज कुठल्या टेकाडावर मिळते तेही वहीत टिपून ठेवा. कित्येक कक्षांत फोन लागतच नाही.

शेती करून बसलेले असतील तर

इथे सर्वांत जास्त सांभाळायचं. राहुटी हंगामाची असते. शेत आणि झोपडी म्हणजे हक्काचा प्रश्न. वनहक्क कायदा २००६ प्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला, प्रत्यक्ष ताब्याइतक्या आणि जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत जमिनीचा हक्क मिळू शकतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. आणि कलम ४(५) सांगतं की दाव्याची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही हटवता येत नाही. आदिवासीला त्याच्या जमिनीवरून बेकायदा काढणं किंवा त्याच्या वनहक्कात अडथळा आणणं हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा : “काका, पट्टा मिळाला आहे का? दावा टाकला आहे का?” कागद दाखवला तर त्याचा फोटो घ्या, कागद परत द्या, मूळ कागद कधीही जवळ ठेवू नका. पट्टा (मिळालेल्या हक्काचा कागद) असेल तर ती जमीन तोडीतून वगळा आणि हद्दीवरची झाडं तिच्या बाजूला पडणार नाहीत अशी दिशा धरा. दावा प्रलंबित असेल तरी हेच. दावा नाकारला गेला असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला दावे नाकारलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता आणि २८ फेब्रुवारीलाच त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात गावोगावी काय भीती होती ते मी पाहिलं आहे. तेव्हा ऐकीव बातमीवर पाऊल उचलू नका.

वहिवाट जुनी की नवी हे जमीनच सांगते, फक्त बघायला शिकावं लागतं. दगडी बांध, त्यावर वाढलेली आंब्याची-मोहाची झाडं, विहीर, मसणवटा, देवाचा दगड, यांतल्या बहुतेक खुणा नियमांतही पुरावा म्हणून धरल्या आहेत, आणि गावातल्या वृद्धांची साक्षही. उलट, ताजी राख, बुंध्याची साल गोल सोलून वाळवलेली उभी झाडं आणि अजून फुटवे फुटत असलेले खुंट दिसले तर ती तोड एक-दोन हंगामांतली आहे. अशा नव्या तोडीची नोंद मात्र त्याच दिवशी करा. आज अर्धा एकर असतं, पुढच्या वर्षी पाच होतं, आणि मग दोन्ही बाजूंनी माणसं भरडली जातात. तरीही हटवणं हे वनरक्षकाचं काम नव्हे. नोटीस, सुनावणी, आदेश हे वरच्या अधिकाऱ्यांकडून, ठरलेल्या पद्धतीनेच होतं. तुमचं काम खरी नोंद वर पोचवण्याचं.

नोंद कशी ठेवायची

कक्ष क्रमांक, तारीख, वेळ, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, माणसं किती, त्यात लेकरं किती, जनावरं किती, काय सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं. फोटो जागेचे घ्या, बायकांचे नको. पंचनामा असेल तर पंच गावातले घ्या, आपल्या मजुरांतले नको. पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय कोणाचाही अंगठा घेऊ नका. आणि तोड किती वेळ थांबवली तेही लिहा. मागाहून मुकादम नुकसानीचा हिशोब मांडतो तेव्हा ती एक ओळ उपयोगी पडते.

कूप बंद करताना

शेवटचा ट्रक गेला की लोक जळाऊ लाकडासाठी येतात. निस्ताराचं, म्हणजे गावाच्या घरगुती वापराचं, लाकूड कधी आणि कुठून मिळणार ते आधीच गावात सांगा, नाहीतर थप्प्या निघायच्या आत झुंबड उडते आणि कोणाचा तरी पाय अडकतो. लाकूड वाटण्याआधी कक्ष पुन्हा एकदा पायी फिरा. अडकलेलं झाड, अर्धवट कापलेला बुंधा, वर लोंबणारी तुटकी फांदी, उतारावर नुसत्या दगडाने अडवलेला ओंडका, हे सगळं काढून टाका. लाल फडकी सोडून घ्या. फडकी वर्षभर तशीच राहिली तर पुढच्या कूपाला त्यांच्याकडे कोणी बघत नाही. पाट्याही काढा आणि नीट ठेवा. आणि पाणवठ्याजवळच्या त्या जुन्या चुलीचे तीन दगड आहेत तिथेच राहू द्या. पुढच्या कूपाला बिऱ्हाडं मोजताना तेच लागतील.